मध्यम मापाची मावशी

मावशीचा धंदा उभं राहण्याचा होता.

हे ऐकलं की लोक फिसकन हसायचे. मावशी त्यांना पोटभर हसू द्यायची आणि मग सांगायची, "हसा, हसा. पण तुम्ही घातलाय ना तो कपडा, तो आधी माझ्या अंगावर बसून मग तुमच्या अंगावर आलाय."

आणि ते शंभर टक्के खरं होतं. तयार कपड्यांच्या कारखान्यात नवा नमुना शिवला की तो हजारांनी कापायच्या आधी कुणाच्या तरी अंगावर चढवून बघावा लागतो. कापडी पुतळे होते, नाही असं नाही. खिडकीखाली सहा जण डोक्याशिवाय ओळीत उभे असत. पण पुतळ्याला खुर्चीत बसता येत नाही, फळीवरचा डबा काढता येत नाही आणि "मास्तर, काखेत काचतंय हो" असं पुतळा जन्मात म्हणणार नाही. म्हणून मावशी. छाती नव्वद सेंटिमीटर, कंबर चौऱ्याहत्तर, नितंब अठ्ठ्याण्णव. बरोब्बर मध्यम माप. भिंतीवरच्या तक्त्यात जो मधला रकाना होता ना, तो म्हणजे मावशी. एकोणीस वर्षं! कारखान्यात तिला नावानं कुणी हाक मारत नसे, सगळ्यांची ती 'मध्यमबाई'.

"मी उद्यापासून दोन घास जास्त खाल्ले ना," ती घरी म्हणायची, "तर सगळ्या बायका सैल कपडे घालून फिरतील. केवढी सत्ता आहे माझ्या हातात!"

"हातात नाही, पोटात," आई म्हणायची.

आई मावशीची थोरली बहीण. त्याच कारखान्यात, खालच्या मजल्यावर, इस्त्रीच्या खात्यात. दोघी बहिणी आणि आईची मुलगी, अशा तिघी दोन खोल्यांत राहायच्या. बाबा वेगळे राहायला गेल्याला सहा वर्षं झाली होती, आणि त्यांचा विषय निघाला की मावशी म्हणायची, "ते एक माप आपल्याकडे बसलंच नाही बघ."

आता ही आईची मुलगी, म्हणजे मावशीची भाची, म्हणजे जिच्या मागोमाग आपल्याला जायचंय ती. वय पंधरा. घरातलं नाव भोंगा. पण हे नाव नवंकोरं होतं बरं का! गेल्या वर्षापर्यंत हिचा आवाज शेजारच्या बाकावरही पोचत नसे. हजेरीला "हजर" म्हणाली तरी बाई मान वर करून विचारायच्या, "ती आलीय का गं आज?" मग शाळेत विज्ञानावरच्या भाषणाची स्पर्धा जाहीर झाली, विज्ञानाच्या बाईंनी हिचं नाव परस्पर देऊन टाकलं, आणि ही घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. तेव्हा मावशीनं हिला उभं केलं. अगदी खरोखरचं, खोलीच्या मधोमध.

"टाचा जमिनीला टेकव. गुडघे ताठ नकोत. खांदे सोड. लोक बघतायत? बघू देत. मला रोज आठ तास बघतात, वर टाचण्या टोचतात. बघितल्यानं कुणी मेलंय का? हं, आता बोल."

पहिला नंबर! आणि त्या दिवशी जे तोंड उघडलं ते मिटायचं नाव घेईना. जिन्यात भेटेल त्याला ही पचनसंस्था समजावून सांगे. आई म्हणे, "आधी वाटायचं हिला बोलतं करा, आता वाटतं हिचं बटण कुठाय." पण मावशी कौतुकानं ऐकायची. चार इयत्ता शिकलेल्या मावशीला भोंग्याचा एकेक शब्द प्रमाण होता.

गोष्ट बिघडली ती कमरेपाशी.

दोन वर्षांपूर्वी मावशीचा थायरॉइड मंदावला होता. गळ्यातली ही ग्रंथी सुस्तावली की सगळं शरीरच सुस्तावतं. त्यावर रोज सकाळी उपाशीपोटी एक पांढरी गोळी सुरू होती. गोळीनं बरं वाटत होतं, पण वजन मात्र चोरपावलांनी चढत होतं. शहात्तर, सत्त्याहत्तर... दर सोमवारी मास्तर मापं घ्यायचे. मास्तर म्हणजे नमुने कापणारे, टक्कल पडलेले, तोंडात कायम दोन टाचण्या धरून बोलणारे. टेप एकोणऐंशीवर आली तेव्हा त्यांनी टाचण्या काढून हातात घेतल्या, म्हणजे प्रकरण गंभीर.

"मध्यमबाई, एक सेंटिमीटर मी पोटात घालतो. दोनही घालतो. पाच कुठे घालू? माझंच पोट फाटेल."

मालकीणबाईंनी सहा आठवडे दिले. सहा आठवड्यांनी पुढच्या मोसमाचे नमुने सुरू होणार होते. तोवर कंबर जागेवर आली तर ठीक, नाहीतर बटणं लावणाऱ्यांपैकी एक सव्वीस वर्षांची पोरगी होती, तिची मापं घेऊनही झाली होती.

"मग खाली ये इस्त्रीला," आई म्हणाली. "वाफेत चार दिवस उभी राहा, आपोआप बारीक होशील."

"एकोणीस वर्षं मी तक्त्यावर होते, ताई."

"तक्त्यावर होतीस म्हणजे काय देव्हाऱ्यात होतीस? काम ते काम."

 मावशीनं जेवण अर्धं केलं. दोन थांबे आधी उतरून चालत यायला लागली. दोन आठवड्यांत कंबर अर्धा सेंटिमीटर उतरली आणि तिसऱ्या सोमवारी, जणू चिडवायला, परत होती तिथे आली. मालकीणबाईंच्या पाया पडून मावशीनं मुदत वाढवून घेतली. "नमुने तसेही लांबलेत. येत्या सोमवारपासून पुन्हा सहा आठवडे," मालकीणबाई म्हणाल्या, "आणि हे शेवटचे."

त्या रविवारी दुपारी आई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली तशी मावशीनं चपलांच्या खोक्यातून एक डबी काढली. कोपऱ्यावरच्या व्यायामशाळेच्या काउंटरवर मिळाली होती. पांढरी, गुळगुळीत, वर सोनेरी ज्योत.

"वाच," ती म्हणाली.

भोंग्यानं वाचलं. आतल्या पदार्थाचं नाव इतकं लांब होतं की वाटेत एकदा श्वास घ्यावा लागला. खाली ठळक अक्षरांत होतं, 'हार्मोनपासून तयार, तरीही हार्मोन नाही. चरबी जाळा, नैसर्गिकरीत्या.'

"हार्मोनपासून, पण हार्मोन नाही? म्हणजे कसं गं? दुधापासून पण दूध नाही?"

"तस्संच!" भोंगा खूश झाली. "हे बघ, मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोप्यांसारख्या दोन ग्रंथी असतात. त्या एक हार्मोन बनवतात. शरीर त्याचे पुढे तुकडे, बदल, काय काय करत राहतं. त्यातलाच हा एक पदार्थ. तो म्हणे पुढे बायकी हार्मोन होत नाही आणि पुरुषी हार्मोनही होत नाही, म्हणजे मिश्या फुटायची भीती नाही."

"चला, तेवढं तरी बरं. मिश्यांचं माप तक्त्यात नाही." मावशी हसली, पण हात डबीवरून काढला नाही. "घेऊ का?"

"थांब. मी आधी अभ्यास बघते. विज्ञानात पुरावा लागतो, मावशी."

हे वाक्य म्हणताना तिला इतकं मस्त वाटलं होतं!

शाळेच्या वाचनालयातल्या संगणकावर तिनं तीन दिवस शोधाशोध केली आणि एक खराखुरा शोधनिबंध मिळवला. सगळा छापून घेतला, अकरा पानं. चाळीस जाड माणसं, आठ आठवडे, अर्ध्यांना ही कॅप्सूल, अर्ध्यांना तशीच दिसणारी रिकामी. सगळ्यांना बेतानं जेवण आणि व्यायाम. शेवटी कॅप्सूलवाल्यांचं वजन दुसऱ्यांपेक्षा दोन-अडीच किलो जास्त उतरलं. गंभीर त्रास कुणालाही नाही. आणि एक वाक्य तर तिनं हिरव्या पेननं दोनदा अधोरेखित केलं. कॅप्सूलवाल्यांच्या रक्तात थायरॉइडचं एक हार्मोन वाढलं होतं, पण मर्यादेत.

वाढलं होतं! आणि मावशीचं तर कमीच होतं की! म्हणजे चरबीही जळणार आणि थायरॉइडलाही हातभार, दोन्ही कामं एकाच कॅप्सुलीत. तरी भोंगा काही उथळ मुलगी नव्हती. थायरॉइडच्या माणसाला यानं काही होतं का, हे तिनं मुद्दाम शोधलं. दुष्परिणामांचा परिच्छेद संपून पान उलटलं की वरच एक तक्ता होता. मधुमेह, शून्य. हृदयविकार, शून्य. थायरॉइडचा विकार, शून्य.

विज्ञानाच्या बाईंना दाखवावं असं एकदा मनात आलं होतं. पण पहिला नंबर आलेली मुलगी विचारत नसते, सांगत असते.

"शून्य!" तिनं मावशीला सांगितलं. "थायरॉइडवाल्यांना झालेला त्रास शून्य. हे बघ, छापलंय."

मावशीनं त्या गोल आकड्यावर बोट ठेवलं. इंग्रजी येत नव्हतं, पण शून्य सगळीकडे सारखंच.

"ताईला सांगायचं नाही हं. ती औषधाच्या नावानं आकांडतांडव करेल. माझी शपथ आहे तुला."

"नाही सांगणार. पण मी तुझी रोज नोंद ठेवणार. आपण शास्त्रीय पद्धतीनं जायचं."

सकाळी एक, दुपारी एक. डबीवर लिहिलं होतं तेवढंच, एकही जास्त नाही. भोंग्याच्या वहीच्या मागच्या पानावर तारखा सुरू झाल्या.

पहिला आठवडा, काही नाही. दुसऱ्यात कंबर अठ्ठ्याहत्तर. तिसऱ्यात मावशीला घाम यायला लागला, भर थंडीत, मानेवरून ओघळणारा. "भट्टी पेटली!" भोंगा टाळ्या पिटून म्हणाली. चौथ्यात सुईत दोरा जाईना, बोटं थरथरत. मावशी म्हणाली, "उत्साह मावत नाहीये बहुतेक अंगात." झोप उडाली. आई म्हणाली, "काय गं, डोळे का असे मोठे झालेत तुझे? भूत बघितलंस?" मावशी म्हणाली, "आरसा बघितला. बारीक झालेय म्हणून ओळखू आलं नाही."

पाचव्या आठवड्यात एकदा तिनं भोंग्याचा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. "बघ ना. आत कुणीतरी जिना उतरतंय. मधेच पायऱ्या चुकतंय."

भोंग्यानं घड्याळ लावून नाडी मोजली. एकशे बारा.

"धावल्यावर एवढी होते."

"मी बसलेय गं."

"शरीराला वाटतंय तू धावतेयस. तीच तर गंमत आहे! बसल्या बसल्या धावणं." मग मावशीचा चेहरा बघून तिनं अधिक हळू आवाजात विचारलं, "बंद करूया का?"

त्या वेळी जर मावशी 'हो' म्हणाली असती! पण त्या दिवशी कंबर पंचाहत्तरवर आली होती.

"तुझ्या कागदात काय होतं? शून्य ना?"

"शून्य."

"मग झालं तर. एवढाच आठवडा."

सोमवार उजाडला. मुदतीचा शेवटचा. जे घडलं ते भोंग्याला नंतर मास्तरांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या तोंडात टाचण्या नव्हत्या. टेप कमरेभोवती फिरली आणि मास्तर ओरडले, "चौऱ्याहत्तर! मध्यमबाई आल्या हो परत!" बटणवाल्या बायकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. त्या सव्वीस वर्षांच्या पोरीनंही. मग नव्या मोसमाचा पहिला नमुना मावशीच्या अंगावर चढला, राखाडी रंगाचा, लांब बाह्यांचा. मास्तर म्हणाले, "दोन्ही हात वर." मावशीनं वर केले. मास्तर खाली वाकून काखेखालची शिवण टाचत होते. बघतात तर उजवा हात हळूहळू खाली येतोय.

"हात वर ठेवा ना, मध्यमबाई."

"वर आहे की," असं मावशीला म्हणायचं होतं बहुतेक. तोंडातून निघालं ते शब्दासारखं नव्हतं. मास्तरांनी मान वर केली, तर चेहऱ्याची एक बाजू शिवण उसवल्यासारखी लोंबत होती.

शाळेच्या शिपाईणबाई भोंग्याला वर्गातून घेऊन आल्या तेव्हा बारा वाजले होते. इस्पितळातली ती लांब खोली, हिरवे पडदे, फिनेलचा वास. मावशी खाटेवर. तिच्या अंगावरचा राखाडी नमुना कात्रीनं कापून काढला होता आणि तो खुर्चीवर पडला होता, टाचण्यांसकट. आई अजून कामाचा झगा घालून उभी होती. एका यंत्रावर मावशीच्या हृदयाची रेष वेडीवाकडी पळत होती, कसलाच ताल नसलेली.

डॉक्टरबाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं. त्यांनी आईला विचारलं, "हृदय भलतंच जोरात आणि अनियमित चाललंय. अशात आत रक्ताची गुठळी होते आणि मेंदूत जाऊन अडकते. तसं झालंय. पण हृदय असं का चाललंय ते मला कळायला हवं. कुठली औषधं घेतात?"

"थायरॉइडची गोळी. एकच," आई म्हणाली.

"आणखी काही? काढे, पावडरी, ताकदीचं काही?"

"छे हो. डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही ती."

भोंगा आईच्या मागे उभी होती. टाचा जमिनीला, खांदे सोडलेले. आणि तोंड बंद. शपथ होतीच. आईची भीती होतीच. पण खरं सांगायचं तर त्याहून मोठं एक कारण होतं. तिच्या डोक्यात ती स्वतःशीच ठासून वाद घालत होती. कॅप्सूलचा काय संबंध? अभ्यासात कुणाला काही झालं नाही. पुरावा आहे. उगाच डॉक्टरांचा वेळ कशाला घालवायचा? ज्या मुलीचं तोंड जिन्यात मिटत नसे तिनं जिथे बोलायचं तिथेच मिठाची गुळणी धरली.

दीड वाजता आई म्हणाली, "घरी जा. मावशीची जुनी फाइल कपाटात आहे, डॉक्टरांना हवीय. आणि दोन कपडे आण. पळ."

घरी तिनं फाइल घेतली, कपडे घेतले. दाराशी गेली आणि परत फिरली. चपलांच्या खोक्यातून डबी घेतली. दप्तरातून ती अकरा पानंही घेतली. नुसती खात्री करून घ्यायला म्हणून.

बसमध्ये खिडकीपाशी बसून तिनं तक्त्याचं पान काढलं. मधुमेह, शून्य. हृदयविकार, शून्य. थायरॉइड, शून्य. आहे की! मग तिनं एक पान मागे उलटलं. दुष्परिणामांच्या परिच्छेदाखाली, पानाच्या अगदी तळाशी, एक तिरप्या अक्षरांतली ओळ होती. तक्त्याचं शीर्षक. तक्ता पुढच्या पानावर गेला होता आणि शीर्षक मागेच राहिलं होतं. 'सुरुवातीला सहभागी व्यक्तींमध्ये असलेले आजार.'

तिनं ते दोनदा वाचलं. मग पहिल्यांदाच 'पद्धत' नावाचा तो कंटाळवाणा भाग उघडला, जो तिनं तेव्हा सरळ ओलांडला होता. तिथे होतं की थायरॉइडचा विकार किंवा थायरॉइडचं औषध सुरू असलेल्यांना अभ्यासातून वगळलं.

ते शून्य त्रास झालेल्यांचं नव्हतंच. अभ्यासात घेतलेल्यांचं होतं. मावशीसारख्या एकाही माणसाला कुणी ही कॅप्सूल देऊन बघितली नव्हती. बघितली होती ती फक्त भोंग्यानं, वहीच्या मागच्या पानावर.

ती थांबा यायच्या आधीच उठून उभी राहिली. कंडक्टर म्हणाला, "बाळ, पडशील." ती पडली नाही. थांब्यापासून इस्पितळापर्यंत ती पळत गेली आणि डॉक्टरबाईंच्या समोर डबी धरून म्हणाली, "मावशी हे घेत होती. एक्केचाळीस दिवस. रोज दोन."

अडीच वाजले होते.

डॉक्टरबाईंनी डबी फिरवून वाचली, परिचारिकेला हाक मारली, रक्ताची आणखी एक तपासणी सांगितली, सुरू असलेल्या औषधात काहीतरी बदलायला लावलं. सगळं भराभर, न रागावता. आई मात्र जागच्या जागी पेटली.

"कुणी दिलं हे तिला?"

"व्यायामशाळेत मिळालं," भोंगा म्हणाली. ते खरं होतं. अर्धं.

"त्या मेल्याला मी बघते! बाईमाणसाच्या पोटात विष घालतो! माझी बहीण साधी, कुणीही काहीही सांगावं आणि हिनं घ्यावं!"

भोंग्यानं आईला बोलू दिलं.

संध्याकाळपर्यंत ठोके जरा आवरले. दुसऱ्या दिवशी मावशीनं डोळे नीट उघडले. उजवा हात चादरीवर कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखा पडला होता. बोलायला गेली की शब्द भलताच निघे. पाणी हवं असलं की म्हणे "कात्री". उशी सरकवायची असली तरी "कात्री". तिला कळायचं की चुकलं, मग ती तोंड मिटून भिंतीकडे बघायची. आई वाकून पुन्हा पुन्हा विचारायची, "खरं सांग गं, कुणी घ्यायला लावलं तुला हे? त्या व्यायामशाळेवाल्यानंच ना?" आणि मावशी डावा हात हवेत हलवायची. नाही. कुणी नाही. हलवताना ती भोंग्याकडे चुकूनही बघायची नाही.

भोंग्यानं व्हरांड्यात डॉक्टरबाईंना गाठलं. "मी दोन तास उशिरा सांगितलं. त्यामुळे...?"

डॉक्टरबाईंनी थोडा विचार केला. "गुठळी त्याआधीच गेली होती. ठोके दोन तास आधी आवरले असते तर फरक पडला असता का, मला माहीत नाही."

"म्हणजे कदाचित पडला असता."

"म्हणजे माहीत नाही. मी काही तुला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीये. आणि हे त्या कॅप्सूलमुळेच झालं, असंही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. रक्तात थायरॉइडचं हार्मोन फार वाढलंय. कदाचित त्या पदार्थामुळे. कदाचित डबीवर लिहिलेलं नाही असं काही आत घातलं असेल, तसंही करतात. डबी तपासायला पाठवतेय."

तिसऱ्या दिवशी मास्तर येऊन गेले. खाटेच्या पायथ्याशी दोन मिनिटं उभे राहिले, टोपी हातात चुरगाळत. मालकीणबाईंनी फळं पाठवली होती. नमुने थांबवता येत नाहीत, असं ते आईला बाजूला घेऊन म्हणाले. ती पोरगी कालपासून उभी राहतेय. मावशीनं ऐकलं का, ते कळलं नाही. तिनं मास्तरांना डाव्या हातानं नमस्कारासारखं काहीतरी केलं.

दुपारी डॉक्टरबाई एक फॉर्म घेऊन आल्या आणि खाटेजवळच्या स्टुलावर बसल्या. "अशा प्रकारच्या उत्पादनाचा त्रास झाला की कळवायचं असतं. बहुतेक लोक कळवत नाहीत, म्हणून कुणाला काही माहीत होत नाही. दिवस, प्रमाण, काय काय वाटत होतं, कुणाला सांगता येईल?"

"हिला," आई म्हणाली. "हिला बारीकसारीक माहिती असतं." आई खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसून मावशीच्या ओठांच्या कोपऱ्यातून ओघळलेली खीर पुसत होती.

भोंग्यानं वही उघडली. डॉक्टरबाईंनी ते पान बघितलं, तारखा, कंबर, नाडी, घाम, आणि भुवया किंचित वर गेल्या. त्या लिहीत गेल्या. मग म्हणाल्या, "कुणाच्या सल्ल्यानं घेतलं? डॉक्टर, दुकानदार, जाहिरात, स्वतःहून?"

"त्या व्यायामशाळेवाल्याच्या," आई म्हणाली. "लिहा."

मावशीचा डावा हात उठला. तिनं डॉक्टरबाईंकडे बघत मोठ्या कष्टानं बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. मी. स्वतःहून.

डॉक्टरबाईंचा पेन 'स्वतःहून'च्या चौकोनाकडे गेला.

"नाही," भोंगा म्हणाली. "माझ्या सल्ल्यानं."

मावशीच्या तोंडून घोगरा आवाज निघाला, "कात्री! कात्री!" ती जोरजोरात मान हलवत होती. भोंग्यानं तिचा पडलेला हात धरला आणि बोलत राहिली. डबीपासून ते वाचनालयापर्यंत, हिरव्या पेनापासून त्या तक्त्यापर्यंत. ती मावशीला 'बंद करूया का' म्हणाली होती तेही, आणि मग स्वतःच 'शून्य' म्हणाली होती तेही. आवाज स्पर्धेत लागला होता तसा लागत नव्हता, पण शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही ऐकू गेला, कारण ती उठून बसली.

आईचा रुमाल मावशीच्या हनुवटीपाशी थांबला होता.

"वय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पंधरा."

"तिचं नाव घालू नका," आई म्हणाली. आवाज सपाट, इस्त्री फिरवल्यासारखा.

"नावाची जागा नाहीये," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फक्त नातं." आणि त्यांनी लिहिलं, भाची.

 आईनं रुमालाची घडी घातली.

"मला का नाही विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो," आई म्हणाली. "नाही म्हणाले असते."

ती उठली, पाण्याचा तांब्या उचलला आणि दाराबाहेर गेली. तांब्या भरलेलाच होता. व्हरांड्यात तिच्या चपलांचा आवाज थोडा वेळ ऐकू आला, मग थांबला. परत यायचा आवाज काही येईना.

मावशी थकून उशीवर मागे पडली होती. डोळे मिटलेले, कडेनं ओले. भोंग्याच्या मुठीतली तिची बोटं गरम होती आणि भोंग्यानं कितीही दाबली तरी उलट दाबत नव्हती.

डॉक्टरबाईंनी फॉर्मचं पान उलटलं. "थायरॉइडची गोळी आणि ही कॅप्सूल, दोन्हींत किती वेळाचं अंतर असायचं?"

भोंग्यानं दाराकडे बघितलं, मग वहीकडे.

"गोळी साडेसहाला," ती म्हणाली. "कॅप्सूल साडेसातला. मीच द्यायचे, पाण्याबरोबर."